बिनआमंत्रणाचें संमेलन



घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे यजमान सर्वांत आधीं यादी करावयास बसतो. सोयरे किती, गांवकरी किती, बाहेरगांवचे किती, याची मोजदाद झाल्यावांचून आचाऱ्यास शब्द देतां येत नाहीं, मांडवाची लांबी ठरत नाहीं आणि पत्रावळीही मागवितां येत नाहींत. पाहुण्यांची संख्या ठाऊक असणें हा कार्याचा पाया होय, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. परंतु बेल्जमची राजधानी जें ब्रुसेल्स शहर, तेथें दर वर्षीं जानेवारी सरतांना किंवा फेब्रुवारीच्या आरंभीं एक असें कार्य होतें कीं, त्यांत पाहुणे किती येणार हें यजमानांस कधींच ठाऊक नसतें. आमंत्रण नाहीं, तिकीट नाहीं, नांवनोंदणी नाहीं. शनिवार आणि रविवार असे दोन दिवस एका विद्यापीठाचीं दारें उघडीं राहतात आणि आठ हजारांहून अधिक माणसें आंत येतात, असा अंदाज केला जातो. अंदाज म्हणावयाचें कारण उघड आहे. दारांत नांव विचारणारा कोणी नसतो. या संमेलनाचें नांव फॉसडेम.

हें नांव इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचें बनलेलें असून त्याचा अर्थ, मुक्त सॉफ्टवेअर रचणाऱ्यांचा युरोपांतील मेळावा, असा आहे. संगणकाकडून काम करवून घेण्यासाठीं ज्या आज्ञा लिहाव्या लागतात, त्यांस सॉफ्टवेअर म्हणतात. बँकेचा हिशेब, रेल्वेचें आरक्षण, खिशांतला मोबाइल, या सर्वांच्या मागें अशा लक्षावधि ओळी उभ्या असतात. पुष्कळ कंपन्या आपल्या ओळी कुलपांत ठेवितात. मुक्त सॉफ्टवेअरची रीत याच्या उलट आहे. तें कोणींही वाचावें, तपासावें, सुधारावें आणि सुधारलेलें दुसऱ्यास द्यावें, अशी मोकळीक त्याच्या परवान्यांतच लिहिलेली असते. जुन्या काळीं एखादी पोथी एका हातून दुसऱ्या हातीं जाई, नक्कल करणारा चुकलेलें अक्षर सुधारी, समासांत टीप जोडी, आणि पोथी पुढें जाई. तसाच कांहींसा हा व्यवहार आहे. भेद एवढाच कीं, येथें पोथी एका क्षणांत सातासमुद्रांपलीकडे पोंचते. त्यामुळें हें काम करणारीं माणसें जगभर पांगलेलीं असतात. दहा-दहा वर्षें एकमेकांच्या ओळी सुधारणाऱ्या दोघांनीं परस्परांचा चेहराही पाहिलेला नसतो. अशा माणसांस वर्षांतून दोन दिवस एका छपराखालीं आणावें, हा या संमेलनाचा हेतु होय.

त्याचा जन्म 2000 सालीं झाला आणि तो कसा झाला, हें ऐकण्यासारखें आहे. ब्रुसेल्समध्यें राफाएल बोदुएँ नांवाचे एक गृहस्थ होते. मुक्त सॉफ्टवेअरवर त्यांची निष्ठा होती. परंतु त्यांत भर घालण्याइतकी बुद्धि आपणांस नाहीं, असें त्यांचें स्वतःविषयीं मत होतें. असें मत झालें म्हणजे सामान्य मनुष्य दुरून कौतुक करीत बसतो. बोदुएँ यांनीं निराळा विचार केला. ओळी लिहितां येत नसतील तर ओळी लिहिणाऱ्यांस एकत्र बसावयास जागा करून देतां येईल, असें त्यांनीं ठरविलें. दामियाँ सांद्रास हे त्यांस सोबती मिळाले आणि पहिला मेळावा भरला. त्या वेळीं नांव ओसडेम असें होतें. पुढें रिचर्ड स्टॉलमन यांच्या आग्रहावरून त्यांत ‘मुक्त’ या अर्थाच्या शब्दाचें आद्याक्षर जोडलें गेलें आणि फॉसडेम हें नांव रूढ झालें. ज्यानें सतरंजी अंथरली त्याचें नांव मैफलीच्या इतिहासांत सहसा येत नाहीं. येथें इतिहासाचा आरंभच सतरंजी अंथरणाऱ्यापासून होतो.

जागा मिळाली ती ब्रुसेल्सच्या मुक्त विद्यापीठाच्या सोलबॉश येथील आवारांत, आणि संमेलनाचें बिऱ्हाड आजही तेथेंच आहे. 1834 सालीं स्थापन झालेलें हें विद्यापीठ. त्याच्या नांवांतील ‘मुक्त’ हा शब्द विचारस्वातंत्र्याचा. संमेलनाच्या नांवांतील ‘मुक्त’ हा ज्ञान वांटून घेण्याचा. दोहोंचा योग केवळ योगायोगानें जुळला असला, तरी तो शोभून दिसतो.

आतां प्रश्न असा कीं, शेंकडों व्याख्यानें, साठ-सत्तर विषय आणि हजारों श्रोते, हा पसारा पगारी नोकरांवांचून चालतो कसा? याचें उत्तर समजण्यास आपल्या आषाढी वारीचा दाखला उपयोगी पडतो. ज्ञानेश्वरमाउलींच्या पालखीसोबत चालणाऱ्या दिंड्या अनेक असतात. प्रत्येक दिंडीचा विणेकरी वेगळा, स्वयंपाक वेगळा, मुक्कामाची व्यवस्था वेगळी. दिंडींत कोणता अभंग केव्हां म्हणावा, हें सांगावयास कोणी वरून येत नाहीं. परंतु समाजआरतीच्या वेळीं चोपदारानें चोप उंचावला कीं, सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, आणि चोपदार तेथें जाऊन तक्रार ऐकून घेतो. आंतील कारभार ज्याचा त्याचा; सर्वांस लागणारी शिस्त मात्र एक.

फॉसडेमची घडण बहुतांशीं अशीच आहे. शरदृतूंत आयोजक एक जाहीर आवाहन करितात: ज्या मंडळींस आपल्या विषयाची खोली चालवावयाची असेल त्यांनीं पुढें यावें. मग पायथन भाषेची मंडळी एक खोली मागते, माहितीसंचयाची मंडळी दुसरी, छोट्या यंत्रांत बसविल्या जाणाऱ्या संगणकांची मंडळी तिसरी, कायदा आणि धोरण यांचा विचार करणारी चौथी. ज्यास खोली मिळाली त्यानें स्वतः वक्ते मागवावे, आलेल्या प्रस्तावांतून निवड करावी, वेळापत्रक आंखावें आणि त्या दिवशीं खोलींत उभें राहून तें पाळावें. केंद्रांतील मूठभर आयोजकांकडे सर्वांस सामाईक अशींच कामें राहतात: जागा, वीज, इंटरनेटची जोडणी, चित्रमुद्रण, सुरक्षितता. कोणत्या विषयांत कोणता वक्ता अधिकारी, हें त्या विषयांतील माणसांहून अधिक कोणास कळणार? सर्व धागे आपल्याच हातीं ठेवण्याचा मोह आयोजकांनीं आवरला, म्हणूनच मूठभर माणसांस हा भार पेलतो.

शुक्रवारीं विद्यापीठाचे तास आटोपत येतात आणि स्वयंसेवक आवारांत शिरतात. तारा ओढावयाच्या, कॅमेरे बसवावयाचे, दिशादर्शक पाट्या लावावयाच्या. प्रत्येक खोलींत स्वयंसेवकांनींच जुळविलेली एक पेटी ठेविली जाते. वक्त्याचें चित्र, त्याचा आवाज आणि पडद्यावर उमटणारीं पानें हीं सर्व तिच्यांतून एकत्र होऊन त्याच क्षणीं जगभर दिसूं लागतात. व्याख्यान संपल्यावर मुद्रण वक्त्याकडेच पाठविलें जातें. आरंभ कोठें, शेवट कोठें, आवाज नीट आला आहे कीं नाहीं, हें त्यानें स्वतः पाहून कळवावयाचें. शेंकडों व्याख्यानें तपासावयास चार माणसें बसविलीं असतीं, तर त्यांस महिने लागले असते. तेंच काम शेंकडों जणांस थोडें थोडें वांटून दिलें कीं कोणासच जड होत नाहीं.

शनिवारीं सकाळीं आणखी स्वयंसेवक येतात. कोणी चौकशीच्या मेजामागें बसतो. कोणी आलेल्यांचे जाड कोट सांभाळतो, कारण फेब्रुवारींतील ब्रुसेल्सची थंडी अंगांतून जाते. कोणी कॅमेऱ्यामागें उभा राहतो. कोणी वक्त्याची ओळख करून देतो आणि उरलेल्या मिनिटांची पाटी त्याच्यापुढें धरतो. यांपैकीं एकासही वेतन नसतें. ज्यास वेतन आहे त्याचें वेतन कापतां येतें. ज्यास वेतनच नाहीं त्याचें काय कापणार? तो सकाळीं उठला नाहीं, तर त्यास दंड करणारा कोणी नाहीं. अशा ठिकाणीं काम उभें राहतें तें केवळ दिलेल्या शब्दावर. नऊ वाजतां येईन म्हटलें, कीं नऊ वाजतां यावयाचें. हा शब्द हीच या संमेलनाची खरी पुंजी होय.

या उघड्या दाराची एक कठीण बाजूही आहे. यान्सन नांवाच्या सर्वांत मोठ्या सभागृहांत सुमारें चौदाशें माणसें बसतात. पुष्कळ खोल्या मात्र लहान वर्गांच्या मापाच्या आहेत. श्रोत्यांची गणना आधीं झालेली नसल्यामुळें कोणत्या खोलींत केव्हां गर्दी उसळेल, हें सांगतां येत नाहीं. मग दारावरचा स्वयंसेवक ‘खोली भरली’ अशी पाटी दाखवितो, आणि एक जण बाहेर आल्यावांचून दुसऱ्यास आंत सोडीत नाहीं. हजारों मैल प्रवास करून आलेला मनुष्य बाहेर उभा असतो. आंत त्याच्या जिव्हाळ्याचा विषय चाललेला असतो. आणि विशी-पंचविशींतील एखादें पोर त्यास नम्रपणें नाहीं म्हणत असतें. तेथें भीड कामाची नाहीं. आग लागली तर वाट मोकळी असली पाहिजे, हा नियम पाहुण्याची प्रतिष्ठा पाहून वांकवितां येत नाहीं. सर्वांस दार उघडें ठेवावयाचें, तर तें केव्हां लावावयाचें हेंही ठाऊक असावें लागतें.

पैशाचा प्रश्न कोणत्याही सार्वजनिक कार्यांत येतोच. प्रवेश विनामूल्य असला तरी वीज, यंत्रें, भाडें यांस मूल्य पडतें. कांहीं कंपन्या देणग्या देतात. आलेले लोक चौकशीच्या मेजावर यथाशक्ति वर्गणी देऊन संमेलनाचा सदरा घेऊन जातात. परंतु देणगी घेतली म्हणजे देणगीदाराचें ऐकावें लागेल काय, ही शंका येथेंही सुटलेली नाहीं. 2025 सालीं, संमेलनास पंचवीस वर्षें होत असतांना, एका बड्या अमेरिकन कंपनीच्या प्रमुखाचें व्याख्यान मुख्य सभागृहांत ठरल्याचें जाहीर झालें. धनिकास व्यासपीठ कां, असें म्हणून कांहीं जणांनीं निषेध करण्याचें ठरविलें. आयोजकांनीं निषेधकांस शत्रु मानलें नाहीं. व्याख्यानांची निवड आणि देणग्या यांचा परस्परांशीं संबंध नाहीं, हें त्यांनीं स्पष्ट केलें. निषेधास आडकाठी नाहीं, मात्र सुरक्षिततेस बाध येऊं देऊं नये, असें सांगितलें. अखेर तो गृहस्थ व्यासपीठावर आलाच नाहीं. यांत कोणाचें बरोबर, कोणाचें चूक, याविषयीं दुमत राहील. परंतु ज्या कार्यांत कोणी मालक नाहीं, तेथें टाळ वाजवीत राहणाऱ्या दिंडीचें म्हणणें ऐकून घ्यावेंच लागतें, एवढें यावरून दिसलें.

कोणी विचारील, ज्यांचा सारा व्यवहार इंटरनेटवर चालतो त्यांस भेटावयास जमण्याची गरज काय? व्याख्यान तर घरबसल्याही पाहतां येतें. या शंकेचें उत्तर व्याख्यानाच्या खोलींत नसून बाहेरच्या ओवरींत आहे. तेथें चहा-कॉफी घेत उभे राहिलेले दोघे जण, पत्रांतून सहा महिने न सुटलेला वाद पंधरा मिनिटांत मिटवितात. ज्याच्या पत्राची भाषा तुसडी वाटत होती तो मनुष्य प्रत्यक्षांत लाजाळू आहे, आणि इंग्रजी ही त्याची मातृभाषा नाहीं म्हणून त्याचीं वाक्यें तुटक येतात, हें तेथें उमगतें. मग पुढच्या पत्राचा सूर आपोआप बदलतो.

याहून गंभीर असा एक मुद्दा विश्वासाचा आहे. पूर्वीं कित्येक वर्षें या संमेलनांत एक विधि होत असे. प्रत्येकाजवळ आपल्या नांवाची एक संगणकीय मोहोर असते. त्या थंडींत लांबच लांब रांगा करून लोक समोरासमोर उभे राहत, एकमेकांचे पासपोर्ट पडताळून पाहत, आणि ही मोहोर याच माणसाची आहे, अशी ग्वाही परस्परांस देत. पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटावा. परंतु अदृश्य माणसावर ठेविलेला विश्वास किती महाग पडूं शकतो, हें 2024 सालच्या मार्चमध्यें जगास दिसून आलें. एक्सझेड नांवाचें एक लहानसें सॉफ्टवेअर असंख्य संगणकांत वापरलें जातें. त्याची निगा मुख्यत्वें एकच मनुष्य, कोणतेंही वेतन न घेतां, वर्षानुवर्षें राखीत होता आणि थकून गेला होता. एक अपरिचित साहाय्यक आला. दोनएक वर्षें त्यानें निमूटपणें चांगलें काम केलें. इतरांनीं थकलेल्या माणसामागें तगादा लावला. आणि हळूहळू किल्ल्या त्या साहाय्यकाच्या हातीं गेल्या. मग त्यानें आंत एक चोरवाट ठेविली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकाच्या कामांत अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, त्यानें मूळ शोधलें, आणि मोठा अनर्थ टळला. किल्ल्या घेणाऱ्या त्या नांवामागें कोण होतें, हें उजेडांत आलेलें नाहीं. संमेलनास गेला म्हणजे मनुष्य फसत नाहीं, असें कोणीच म्हणणार नाहीं. परंतु एकटा पडलेला, थकलेला मनुष्य हीच या साऱ्या इमारतीची कच्ची वीट होय. आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘कसें चाललें आहे?’ असें विचारावयास कोणी भेटणें, ही संमेलनाची सर्वांत मोठी कमाई होय.

मात्र थकवा काय केवळ सॉफ्टवेअर लिहिणारांसच येतो? कार्य करणारासही येतो. स्वयंसेवकांच्या कोणत्याही संस्थेंत कांहीं वर्षांनीं तेच चेहरे, तेच हात असें होऊं लागतें. ज्यास सर्व ठाऊक त्याच्याकडेच सर्व कामें येतात, आणि एके दिवशीं तो न सांगतां नाहींसा होतो. यावर उपाय दोनच: कामाची रीत लिहून ठेवणें आणि नवख्याच्या हातीं, तो चुकेल हें गृहीत धरून, खरें काम देणें. 2021 आणि 2022 या दोन वर्षीं करोनाच्या साथीमुळें सोलबॉशचीं दारें बंद राहिलीं आणि संमेलन संपूर्णपणें इंटरनेटवर भरलें. तेंही मुक्त सॉफ्टवेअरच्याच साधनांवर. 2023 सालीं माणसें पुन्हां आवारांत आलीं. घडी मोडली नाहीं, कारण ती एका माणसाच्या डोक्यांत नव्हती.

आणखी एक उणीव प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. दार उघडें असलें तरी दारापर्यंतची वाट सर्वांस उघडी नाहीं. नागपूरच्या किंवा नैरोबीच्या तरुणास विमानाचें भाडें आणि व्हिसा हे दोन डोंगर आधीं ओलांडावे लागतात. म्हणून अशीं संमेलनें ठिकठिकाणीं भरलीं पाहिजेत, आणि तीं भरूं लागलीं आहेत. पायथन भाषेच्या भारतीय मंडळींचें पहिलें संमेलन 2009 सालीं बेंगळुरूस झालें, तें स्वयंसेवकांनींच उभारलें. 2011 सालीं तें पुण्यास भरलें. डेबियन या मुक्त प्रणालीचें जागतिक संमेलन दर वर्षीं देश बदलतें. 2023 सालीं तें केरळांतील कोचीस आलें. पुण्यास हा प्रकार परका वाटण्याचें कारण नाहीं. न्यायमूर्ति रानडे यांनीं 1875 सालीं तेथें वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती ज्ञान चार भिंतींबाहेर यावें आणि ज्यास ऐकावयाचें त्यानें येऊन ऐकावें, याच भावनेनें. विषय बदलले, खुर्च्या मांडणारे हात मात्र तेव्हांही लागत होते आणि आजही लागतात.

रविवारीं संध्याकाळीं यान्सन सभागृहांत शेवटचें भाषण होतें, स्वयंसेवकांस उभें करून टाळ्या दिल्या जातात, आणि मग जें होतें तें पाहण्यासारखें असतें. ज्यांस गाडीची घाई नाहीं अशीं माणसें निघून न जातां मागें राहतात. कोणी वक्ता होता, कोणी श्रोता, कोणी नामांकित प्रणालीचा कर्ता. तारा गुंडाळल्या जातात, पाट्या उतरतात, कागद आणि बाटल्या गोळा होतात, वर्ग झाडले जातात. ज्यांस कोणीं आमंत्रण दिलें नव्हतें, तेच आतां यजमानांच्या बरोबरीनें कार्य आंवरीत असतात. सोमवारीं सकाळीं विद्यापीठाचे विद्यार्थी त्याच बांकांवर येऊन बसतात. आदल्या दिवशीं तेथें हजारों माणसें येऊन गेलीं, याची खूणही त्यांस सांपडूं नये, एवढीच त्या झाडणाऱ्यांची इच्छा असते.